इस्त्री न लावता कुरळे केस ताणायचे कसे? (खोप्यासाठी, भर पावसाळ्यात)

रानजाई | ३ जुलै, रात्री ९:४०

बायांनो, मदत हवी आहे आणि वेळ थोडा आहे.

माझे केस ओले असले की पाठीच्या मध्यापर्यंत येतात. वाळले की खांद्याला जेमतेम टेकतात. मधली दीड वीत लांबी वळ्यांमध्ये जाऊन बसते. एरवी माझी काही तक्रार नाही, मला माझे केस आवडतात. पण नणंदेच्या मुलीची पहिली मंगळागौर आहे, श्रावणातल्या दुसऱ्या मंगळवारी, आणि तिला आम्ही सगळ्याजणी नऊवारी आणि खोप्यात हव्या आहोत. खोप्याला लांबी लागते. गंगावन लावून पाहिलं. त्याचे सरळ केस नि माझे कुरळे एकजीव होत नाहीत, आणि फुगडीच्या तिसऱ्या गिरकीला ते मानेवर उतरतं.

इस्त्री नको. दोन वर्षांपूर्वी एका लग्नाआधी एका पार्लरमध्ये केस सरळ करून घेतले होते. मुलगी घाईत होती, केस आतून ओलसर होते आणि तिने तशीच इस्त्री फिरवली. चर्र आवाज झाला, वाफ निघाली. पंधरा दिवसांनी विंचरताना उजव्या कानाजवळची अख्खी बट हातात आली. मुळापासून नव्हे, मधूनच तुटलेली. तिची टोकं बोटांना मिठाच्या खड्यांसारखी खरखरीत लागत होती. ती बट आता कुठे हनुवटीपर्यंत आली आहे. त्यामुळे इस्त्री नाही, गरम ड्रायर नाही.

मला केस सरळ करायचे नाहीत. ताणले जावेत, विंचरता यावेत आणि खोपा बसावा एवढंच हवं आहे. मी दापोलीत असते. सध्या धो धो पाऊस आहे, केस मोकळे ठेवले तरी वाळायला सहा-सात तास लागतात. पावसाळ्यात हे कोणी केलं आहे का?


तिखटमीठ | ३ जुलै, रात्री १०:०५

रात्री न्हाऊन ओल्या केसांच्या दोन घट्ट वेण्या घाल आणि झोप. सकाळी सोड. शाळेच्या गॅदरिंगला आम्ही हेच करायचो.


रानजाई | ३ जुलै, रात्री १०:२०

केलं गं. दोनदा केलं. मुळाशी चार बोटं केस तसेच फुगलेले, मध्ये नागमोडी, टोकाला पुन्हा वळ्या. आणि सकाळी वेणी सोडली तर आतला पेड ओलाच होता. कुबट वास आला, परत न्हावं लागलं.


कंगवेवाली | ४ जुलै, दुपारी २:१५

रानजाई, वेणीत तुमचं काही चुकलं नाही, वेळेत चुकलं. माझं सांगलीत पार्लर आहे, बावीस वर्षं झाली. कुरळ्या केसांच्या पोरी येतात आणि सगळ्याजणी सांगतात, 'रात्रभर बांधून ठेवले तरी काही झालं नाही.' रात्रभर बांधून काय उपयोग, जर ते रात्रभर ओलेच राहिले? केस ज्या आकारात वाळतो तो आकार धरतो. तुमची वेणी सकाळी ओली होती, म्हणजे तो कुठल्याच आकारात वाळला नव्हता. सोडल्याबरोबर मोकळ्या हवेत वाळला तो त्याच्या मूळ वळणात.

मी कसं करते ते सांगते. न्हाणं सकाळी, रात्री नाही. कंडिशनर केसांत असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने गुंता काढायचा, टोकाकडून सुरू करून वर वर. धुतल्यावर टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही. जुन्या मऊ धोतराचा तुकडा असेल तर उत्तम, नाहीतर सुती टी-शर्ट. नुसतं दाबून पाणी टिपायचं. मग केस मोकळे सोडून पंख्याखाली बसायचं ते बारा आणे वाळेपर्यंत. ओळखायचं कसं? केस हाताला गार लागतात, पण मुठीत दाबले तर तळवा ओला होत नाही. तेव्हा बांधायचे.

आता बांधणं. डोक्याचे आठ ते दहा भाग करा. एक भाग घ्या, टोक एका हाताने सरळ ताणून धरा आणि मुळापासून अर्धा बोट सोडून पहिला मऊ बँड लावा. मग दोन बोटांवर दुसरा. असे टोकापर्यंत. दोन बँडमध्ये चार बोटं अंतर ठेवलंत तर मधला केस फुगतो आणि सोडल्यावर तिथे फुगवटा राहतो. तुमच्या मुळाशी जे फुगलेलं होतं ते याचमुळे. वेणीचा पहिला पेड डोक्यापासून लांब पडतो, तिथपर्यंतचे केस कोणी धरलेलेच नसतात.

बँड कसले? भाजीच्या जुडीचं रबर तर बिलकूल नको, काढताना केस सोबत घेऊन येतं. जुन्या मोज्यांच्या आडव्या चकत्या कापा, बोटभर रुंदीच्या. त्या छान ताणतात आणि केसाला चिकटत नाहीत. बांधून झाल्यावर पुन्हा पंख्याखाली, तीन तास तरी.


अबोली | ४ जुलै, सायंकाळी ५:५०

मला एक मनापासून विचारायचं आहे. ताणायचेच कशाला? अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी बघा, खांद्यावर उतरलेल्या त्याच्या कुरळ्या बटा बघा. तिथल्या स्त्रियांच्या कपाळावरही त्या बारीक वळ्या आहेत. आणि आपण शाळेपासून ऐकत आलो काय, तर 'विंचरून ये.' माझ्या शाळेत एका बाईंनी मला सगळ्यांसमोर उभं करून डोक्यावर पाणी थापलं होतं, केस 'बसावेत' म्हणून. मी चौथीत होते. पुढे पंधरा वर्षं मी केस मोकळे सोडले नाहीत. त्यामुळे 'सरळ कसे करू' असं कोणी विचारलं की माझ्या पोटात कालवतं. रानजाई, तुझ्यावर राग नाही. पण कुरळ्या केसांचाही अंबाडा होतो, तसाच घाल की.


रानजाई | ४ जुलै, रात्री ९:१०

अबोली, तू लिहिलंस ते वाचून वाईट वाटलं. चौथीतल्या पोरीला असं करायचं? माझ्याकडेही दोन लाल रिबिनींचे असे दिवस आहेत.

पण हे लाजेपोटी नाही गं. माझे केस आखडले की एका केसाची त्याच्याच भोवती गाठ पडते, मोहरीहून बारीक. टोकाला अशा दहा-वीस गाठी झाल्या की त्या सुटत नाहीत, कापाव्याच लागतात. केस ताणलेल्या अवस्थेत वाळले की त्या गाठी पडत नाहीत हे मला त्या वेण्यांच्या वेळीही जाणवलं होतं. वळण मला परत हवंच आहे. पाणी लागलं की ते परत येतं, हेच तर मला आवडतं. इस्त्रीने जळलेल्या बटेचं वळण दोन वर्षं आलं नाही.


अबोली | ४ जुलै, रात्री ९:३०

पटलं. मी वेगळं समजले होते. मग मीही करून बघते तुझ्याबरोबर.


परीक्षानळी | ५ जुलै, सकाळी ७:३०

कंगवेवालीताईंनी लिहिलं ते शंभर टक्के बरोबर आहे. त्यामागचं कारण सांगते, मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते.

केस म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन. त्याच्या साखळ्या एकमेकींना दोन प्रकारांनी धरून असतात. एक पक्की पकड गंधकाची. तिच्यावर पाण्याचा काही परिणाम होत नाही आणि तुमचं जन्माचं वळण तिच्यात साठवलेलं असतं. दुसरी कच्ची पकड हायड्रोजन बंधांची. ती पाण्याने सुटते आणि पाणी उडून गेलं की पुन्हा बसते, केस त्या क्षणी जसा असेल तशी. आपण ताणून वाळवतो तेव्हा फक्त ही कच्ची पकड नव्या जागी बसवतो. पक्की पकड जागची हलत नाही, म्हणून न्हालं की सगळं पूर्ववत.

खळ घातलेली सुती साडी आठवा. ओली असताना दोघींनी दोन टोकं धरून झटकून, ताणून दोरीवर घातली की इस्त्रीशिवाय सुरेख वाळते. बोळा करून टाकली की बोळ्यासारखीच वाळते. वाळल्यावर कितीही ओढा, उपयोग नाही. केसाचं तसंच.

इस्त्रीचं तापमान १८० ते २३० अंशांच्या घरात असतं. पाणी १०० अंशांना उकळतं. ओलसर केसावर इस्त्री ठेवली की केसाच्या आतलं पाणी उकळून वाफेचे बुडबुडे होतात आणि केस आतून फुटतो. रानजाई, तुमची बट मधूनच तुटली ती यामुळेच. मिठाच्या खड्यासारखं जे लागत होतं ते तेच.

आता वाईट बातमी. हवेतली वाफ हेसुद्धा पाणीच. दापोलीच्या पावसाळी हवेत कच्ची पकड हळूहळू आपसूक सुटणार. पुण्यात मार्चमध्ये ताणलेले केस तीन-चार दिवस टिकतात, तुमच्याकडे एक दिवस टिकले तर भाग्य समजा. ज्या क्रीममध्ये ग्लिसरीन वरच्या नंबरावर लिहिलेलं असेल ते सध्या लावू नका. ते हवेतलं पाणी ओढून घेतं.


तिखटमीठ | ५ जुलै, सकाळी ८:०२

साडीचं उदाहरण एकदम डोक्यात बसलं!


समुद्रकाठ | ६ जुलै, रात्री ११:२०

मी सहा वर्षं लागोसला आहे, नायजेरियात. दमटपणात हे शहर कोकणाला हार जाणार नाही, आणि केस ताणण्याची विद्या इथल्या बायकांइतकी कोणाकडे नसेल. इथले केस आपल्या कुरळ्यांपेक्षा कितीतरी घट्ट वळ्यांचे असतात, वाळले की निम्म्याहून जास्त लांबी आत जाते. त्यामुळे वेण्या घालण्याआधी केस ताणणं हे रोजच्या कामातलं काम. कंगवेवालीताईंची बँडची पद्धत इथेही चालते. पण जुनी पद्धत धाग्याची. आपल्याकडे थ्रेडिंग म्हटलं की भुवया आठवतात, हे निराळं. योरुबा भाषेत त्याला 'इरुन किको' म्हणतात, इग्बोत 'इसी ओवु'.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बाई बाकड्यावर बसून हे करते. मी तासभर बघत बसले होते. ती केसांचा बोटाएवढा भाग घेते आणि काळ्या धाग्याचं टोक मुळाशी धरून चार-पाच वेढे जवळजवळ देते. मग डाव्या हाताने केस खाली ताणून धरते आणि उजव्या हाताने धागा गोल गोल खाली उतरवते, आता वेढे सुटे सुटे, मधून केस दिसतील असे. टोकाला दोन वेढे घट्ट आणि गाठ. केस अगदी काडीसारखा उभा राहतो. ह्याच काड्या वाकवून, एकमेकींना जोडून त्यांचे कळस, कमानी, मुकुट करतात. जे. डी. ओखाई ओजेइकेरे या नायजेरियन छायाचित्रकाराने १९६८ पासून पुढे अशा केशरचनांचे जवळपास हजार फोटो काढून ठेवले, सगळे कृष्णधवल, बहुतेक पाठमोऱ्या बायकांचे. ते फोटो पाहिले की केस हा केवढा मोठा कलेचा विषय आहे हे कळतं.

बँडपेक्षा धाग्याचे दोन फायदे. एक, केसांवर बँडचे खळगे पडत नाहीत. दोन, वेढ्यांच्या मधून हवा खेळते म्हणून लवकर वाळतं, आणि रानजाईची खरी अडचण तीच आहे. आपले केस मऊ असतात, त्यावर धागा घसरतो. मी स्वतःवर करताना मुळाशी धाग्याची एक साधी गाठ मारते आणि मग वेढे सुरू करते. शिवणाचा दोरा घेऊ नका, बारीक असल्याने केस कापतो. क्रोशाचा जाड सुती दोरा चालतो.


दूरदेशी | ७ जुलै, पहाटे १:४५

वाचून राहवलं नाही. मी पॅरिसमध्ये काम करते. माझी अल्जीरियन सहकारी रोज रात्री केसांची एक शेपटी बांधते आणि लांब कापडी पट्टी मुळापासून टोकापर्यंत घट्ट गुंडाळते. 'कार्दून' म्हणतात त्याला. तिच्या आजीपासून चालत आलं आहे. सकाळी सोडलं की केस लांबसडक, हलक्या लाटांचे. ती ओल्या केसांवर करत नाही, फक्त हात ओले करून केसांवरून फिरवते. एवढा दमटपणा पुरतो म्हणे.


घाटमाथा | ७ जुलै, सकाळी १०:३०

अगं बायांनो, हा तर आगवळ!

माझी आजी वाईची. तिचे केस कुरळे होते हे मला फार उशिरा कळलं, कारण ते कधी मोकळे दिसलेच नाहीत. तिच्याकडे काळ्या सुताचा आगवळ होता, हातभर लांब, टोकाला लाल गोंडे, तेल पिऊन पिऊन मऊ आणि जड झालेला. वेणी घालताना ती आगवळाचं एक टोक दातात धरायची, दोन्ही हातांनी पेड घट्ट करत आणायची आणि मानेच्या खाली आगवळ तिसऱ्या पेडात मिसळायची. तो शेवटपर्यंत केसांबरोबर विणला जायचा, म्हणून वेणीचं टोक आखडून वर यायला जागाच नसायची. मग त्या वेणीचा अंबाडा.

शिकेकाईने न्हायच्या आधी वेणी सोडली की केस तिच्या कमरेखाली यायचे. मोठ्या मोठ्या लाटा, पैठणीच्या घडीसारख्या. न्हाऊन वाळले की पाठीवर वीतभर उरायचे. लहानपणी मला वाटायचं न्हाणीघरात केस विरघळतात. तो आगवळ अजून माझ्या कपाटात आहे.


परीक्षानळी | ७ जुलै, सकाळी ११:१५

घाटमाथा, तुमच्या आजींच्या वेणीत ताण, वाळण्याची सवड आणि टोकाची पकड तिन्ही होतं. तेलही होतं. खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं. २००३ साली मुंबईतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचं आणि खनिज तेल यांची तुलना केली, तेव्हा केसांतल्या प्रथिनांची झीज फक्त खोबरेलाने कमी झाली. पण रानजाई, तेल न्हायच्या आधी लावा. बांधताना ओलसर केसांना चोपडलंत तर ते वाळणार नाहीत.


रानजाई | १३ जुलै, रात्री ८:५०

आज रविवार म्हणून तालीम केली. पहिल्यांदा डोकं अर्धं अर्धं वाटून घेतलं. डावीकडे मोज्यांचे बँड, उजवीकडे क्रोशाचा दोरा.

बँडची बाजू लांब झाली, पण दर दोन बोटांवर खळगा. उसाच्या पेरांसारखं दिसत होतं. दोऱ्याची बाजू एकसारखी आली, पण दोन काड्या मधेच सैल पडून खाली घसरल्या, तिथे वळ्या जशाच्या तशा. आणि मी घाई केली. बारा आणे म्हणता म्हणता आठ आण्यांवरच बांधायला घेतले, तर संध्याकाळी सोडताना मुळाशी अजून ओल होती. रात्री जेवायला बसेपर्यंत अर्धी लांबी परत वर गेली.

आणखी एक. कानशिलांवर जरा जास्तच ओढलं गेलं. तिथे आता ठणकतंय.


कंगवेवाली | १३ जुलै, रात्री ९:२०

ठणकतंय तिथलं लगेच सैल करा, आणि पुढचे आठ दिवस तिथे काही बांधू नका. हे मी रागावून सांगते आहे असं समजा. ताण केसाला द्यायचा, मुळाला नाही. कपाळ ताणल्यासारखं वाटलं, कातडीला पुटकुळ्या आल्या, भुवया वर गेल्यासारख्या वाटल्या की चुकलं. माझ्याकडे चाळिशीच्या बायका येतात, कानशिलांवर दोन-दोन बोटं केस मागे गेलेले. विचारलं की कळतं, लहानपणापासून रोज घट्ट दोन वेण्या. तिथले केस बारीक असतात, त्यांना सोसत नाही. ते भाग नुसते मोकळे सोडा किंवा सैल पीळ घालून ठेवा. खोप्यात ते पाण्याच्या हाताने बसवता येतात.

घसरणाऱ्या काड्यांना जवसाचं जेल लावा.


परीक्षानळी | १३ जुलै, रात्री ९:५५

कानशिलांच्या बाबतीत ताईंना दुजोरा. डॉक्टर याला ओढीमुळे येणारं टक्कल म्हणतात. १९०७ साली ग्रीनलंडमधल्या घट्ट शेपटी बांधणाऱ्या बायकांमध्ये त्याची पहिली नोंद झाली. सुरुवातीला लक्षात आलं तर केस परत येतात, वर्षानुवर्षं ओढत राहिलं तर मूळच मरतं.

जेलची कृती देते. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी. मंद आचेवर ढवळत राहा, तळाला लागतं. सात-आठ मिनिटांत पळीतून अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार पडू लागली की लगेच गॅस बंद, आणि गरम असतानाच मलमलच्या फडक्यातून गाळा. गार झालं की गाळता येत नाही, बिया आणि जेल एक होऊन बसतात. फ्रीजमध्ये आठवडाभर राहतं. न्हाल्यावर केस ओले असतानाच लावा, म्हणजे बारा आणे वाळेपर्यंत त्याचा पातळ थर बसेल आणि धागा त्यावर पकड घेईल. नंतर लावलंत तर केस पुन्हा ओले होतील.


नवीनच | १५ जुलै, दुपारी ४:०५

मधेच विचारते. आमच्या इथे एका पार्लरवाल्या म्हणाल्या की केस सरळ करणारा केराटिनचा लेप लावून घ्या, कसलीच उष्णता नाही, सहा महिने ताणायची कटकट नाही. करू का?


कंगवेवाली | १५ जुलै, रात्री ८:४०

उष्णता नाही हे खरं नाही. तो लेप लावल्यावर वरून इस्त्री फिरवावीच लागते, त्याशिवाय तो बसतच नाही. मी माझ्याकडे ते करणं बंद केलं आहे. लावणाऱ्या मुलींचे डोळे चुरचुरायचे, खोकला यायचा.


परीक्षानळी | १५ जुलै, रात्री ९:१५

डोळे चुरचुरतात ते फॉर्माल्डिहाइडमुळे, अशा बऱ्याच लेपांतून ते सुटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच ते कर्करोगकारक ठरवलं. 'फॉर्मालिन नाही' (फॉर्मालिन म्हणजे पाण्यात विरघळलेलं फॉर्माल्डिहाइडच) असं लिहिलेल्या काही लेपांमध्ये ग्लायऑक्झिलिक आम्ल असतं. २०२४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका २६ वर्षांच्या तरुणीबद्दल आलं होतं. तिने तीन वेळा केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली. क्रीममध्ये हेच आम्ल होतं. खोप्यासाठी मूत्रपिंड पणाला लावू नका.


नवीनच | १५ जुलै, रात्री ९:३०

बाप रे. नाही करत. मोजे कापायला घेते.


समुद्रकाठ | १६ जुलै, रात्री १२:१०

रानजाई, काड्या सैल पडल्या त्या डावा हात सुटल्यामुळे. स्वतःच्या डोक्यामागे तसा ताण धरता येत नाही, कोणाला तरी बसव. इथेही कोणी स्वतःचं स्वतः करत नाही. एक बसते, एक बांधते आणि जगभरच्या गप्पा होतात.


रानजाई | ७ ऑगस्ट, दुपारी ३:३०

परवा मंगळागौर झाली. सगळं सविस्तर सांगते, कारण सगळं तुमच्याकडूनच शिकले.

सोमवारी सकाळी सातला न्हाले. ओल्या केसांवर जवसाचं जेल, मुठीत दाबून दाबून. मग पंख्याखाली निवडणं-टिपणं करत बसले. यावेळी घाई केली नाही, तळव्याची परीक्षा चारदा घेतली आणि बारा वाजता सुरुवात केली. मोठ्या जाऊबाईंना मागे बसवलं. त्यांना आधी समुद्रकाठचं लिखाण वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, 'अगं, ही तर शिंकाळ्याची दोरी वळल्यासारखी गोष्ट आहे,' आणि पहिल्याच काडीला त्यांचा हात बसला. बारा काड्या झाल्या. कानशिलांचे दोन भाग सोडून दिले, त्यांचे सैल पीळ.

वीज दुपारी दोन तास गेली. तेव्हा मात्र धाबं दणाणलं. पण काड्या बारीक असल्याने चारपर्यंत टोकं कडक वाळली होती आणि रात्रीपर्यंत मुळंही. तशाच ठेवून झोपले. सासूबाईंच्या जुन्या रेशमी नऊवारीचा फाटलेला पदर डोक्याला गुंडाळला होता. सुती अभ्रा केस ओरबाडतो, रेशमावर घसरतात.

मंगळवारी सकाळी सोडायला घेतलं. टोकाकडून एकेक वेढा उलगडत वर. पहिली काडी सोडली आणि केस खाली आला तो वर गेलाच नाही. मी आरशासमोर तशीच उभी. पाठीवर, ओल्या लांबीपेक्षा चार बोटं कमी. सरळ नव्हते, मोठ्या लाटा होत्या. घाटमाथा, तुझ्या आजीच्या पैठणीच्या घडीची आठवण झाली.

विंचरलं नाही, नुसती बोटं फिरवली. जाऊबाईंनी मानेपाशी शेपटी बांधली, पीळ दिला, चंद्रकोरीसारखा वळवला आणि बारा आकड्यांत खोपा बसला. गंगावन नाही, भर नाही. वर गजरा. त्या बारक्या बटेला पाण्याचा हात लावून मागे बसवली.

संध्याकाळपासून झिम्मा, फुगड्या, पिंगा, काही बाकी ठेवलं नाही. बाहेर पाऊस, आत चाळीस बायका, खिडक्यांवर बाष्प. दहाच्या सुमाराला कपाळावरच्या केसांच्या वळ्या व्हायला लागल्या, कानशिलांच्या तर आधीच. खोपा मात्र पहाटेपर्यंत जागचा हलला नाही. आकडे काढले तेव्हा आतले केस अजून लांब होते.

काल न्हाले. दहा मिनिटांत सगळ्या वळ्या परत, घट्ट, चमकदार. ती जळलेली बटसुद्धा, खालची दोन बोटं सोडली तर. आणि टोकाला एकही गाठ नाही, चाचपून पाहिलं.


समुद्रकाठ | ७ ऑगस्ट, सायंकाळी ७:००

तुझ्या जाऊबाईंना माझा नमस्कार सांग. उद्या त्या बाकड्यावरच्या बाईला हे सगळं सांगणार आहे.


अबोली | ७ ऑगस्ट, रात्री ९:४५

वाचताना डोळे भरून आले. मी लेकीवर करून बघितलं, आठ वर्षांची आहे. फक्त रविवारी, चार सैल काड्या, तिची गोष्ट संपेपर्यंत. सोमवारी शाळेच्या वेण्या घालताना पहिल्यांदाच ती रडली नाही. गुंताच नव्हता.

घाटमाथा, आगवळ आता कुठे मिळेल का गं?


घाटमाथा | ७ ऑगस्ट, रात्री १०:१०

पुण्यात असशील तर तुळशीबागेत गंगावन-आकडे विकणाऱ्यांकडे विचार. नाही मिळाला तर काळ्या क्रोशाच्या दोऱ्याचे बारा-बारा पदर घे, तीन भाग करून वेणीसारखा वळ आणि टोकाला गोंडा बांध. लेकीच्या केसांना हातभर पुरेल. आधी खोबरेलात भिजवून दोन दिवस उन्हात ठेव, म्हणजे मऊ होईल. आत्ता ऊन नाही, तर कणकेच्या डब्यावर ठेवलास तरी चालेल, माझी आजी तिथेच ठेवायची.